भीमथडीतील मुक्तिसदन : दुष्काळ, अनाथ मुले आणि एका संस्थेचे रूपांतर (१८८९–१९२२)

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वडगाव निंबाळकर आणि पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव या दोन गावांचा आज परस्परांशी फारसा संबंध उरलेला नाही. पहिले बारामती तालुक्यात आहे, दुसरे दौंड तालुक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र ही दोन्ही गावे भीमथडी या एकाच विस्तीर्ण तालुक्यात मोडत असत व त्या तालुक्याची कचेरी बारामतीस होती. भीमथडी आणि तिला लागून असलेले इंदापूर हे पुणे जिल्ह्याचे अवर्षणग्रस्त तालुके होत. १८७५ च्या मे महिन्यात सावकारांविरुद्धच्या दंग्यांस प्रारंभ झाला तो याच तालुक्यातील सुपे या बाजाराच्या गावी. आणि त्या दंग्यांची चौकशी संपते न संपते तोच १८७६–७७ च्या दुष्काळाने दख्खनला गाठले. नीरेचा डावा कालवा हे त्या दुष्काळाचेच अपत्य. दुष्काळपीडितांना काम देण्याच्या हेतूने हाती घेतलेल्या या कालव्यातून १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले आणि वडगाव निंबाळकरसारख्या काठच्या गावांचे दैव तालुक्याच्या उत्तर भागाच्या दैवापासून कायमचे वेगळे झाले. उत्तरेस केडगावच्या माळाला विहिरीवाचून दुसरा आधार नव्हता.

त्याच माळावर पंडिता रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन खरेदी केली आणि १८९७ पासून पुढच्या पंचवीस वर्षांत तेथे अनाथ मुली, विधवा, परित्यक्ता, अंध स्त्रिया आणि काही काळ मुलगेही यांची एक मोठी वसाहत उभी राहिली. 'मुक्तिसदन' किंवा नुसते 'मुक्ती' या नावाने ती प्रसिद्ध आहे. रमाबाईंच्या चरित्राविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. देवदत्त नारायण टिळक यांचा ग्रंथ १९६० साली निघाला. त्यानंतर मीरा कोसंबी व उमा चक्रवर्ती यांच्या इंग्रजी अभ्यासांनी रमाबाईंकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. तथापि या लेखनाचा भर व्यक्तीवर आहे. संस्था म्हणून मुक्तिसदनाची घडण कशी झाली, मुलांची जबाबदारी उचलणारी संस्था या नात्याने तिने कोणते प्रश्न सोडविले व कोणते तसेच राहू दिले, याचा विचार मराठीत तुरळकच आढळतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. ख्रिस्ती अनाथाश्रम म्हटला म्हणजे तो कोणत्या तरी परदेशी मिशनचा असावयाचा, असे आपण गृहीत धरतो. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत तशा संस्था होत्याच. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर, शिरूर या बाजूस दुष्काळी मुलांचा सांभाळ केला. ऑस्ट्रेलियातील 'चर्चेस ऑफ क्राइस्ट' या मंडळ्यांच्या मिशनने पुढे बारामती, दौंड, श्रीगोंदे या टापूत काम केले. मुक्तिसदन या मालिकेत बसत नाही. १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला तो अँग्लिकन पंथात. परंतु त्या पंथाच्या अधिकाऱ्यांशी, विशेषतः त्यांच्या धर्ममाता झालेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी, श्रद्धेच्या स्वातंत्र्यावरून त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचणारास हे तत्काळ कळते की ही बाई कोणत्याही पंथाच्या शिस्तीत राहणारी नव्हती. मुक्तिसदनात मेथडिस्ट पंथाच्या मिनी एब्रम्स यांच्यासारख्या परदेशी स्त्रिया काम करीत होत्या, देणग्या अनेक देशांतून व अनेक पंथांच्या लोकांकडून येत. पण जमीन, निर्णय आणि नेतृत्व हे एका मराठी बोलणाऱ्या स्त्रीच्या हाती होते. पुढे जे सांगावयाचे आहे त्यातील बरेचसे या एका गोष्टीतून निघते.

संस्थेचा प्रारंभ केडगावास झाला नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीनजीक 'शारदासदन' उघडले, ते उच्चवर्णीय हिंदू बालविधवांसाठी. त्यामागे बोस्टन येथे १८८७ च्या अखेरीस स्थापन झालेली 'रमाबाई असोसिएशन' ही संस्था होती. तिने दहा वर्षे खर्च चालविण्याचे पत्करले होते व तिची अट अशी की शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावी. म्हणून शारदासदनात ब्राह्मण मुलींच्या सोवळ्याओवळ्याची, स्वतंत्र स्वयंपाकाची सोय ठेवलेली होती. हिंदी सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले.

या काळातील शारदासदनाविषयी आपणांस एक असे साधन उपलब्ध आहे की जे पुढील काळासाठी मिळत नाही. ते म्हणजे तेथे राहिलेल्या विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेले आत्मवृत्त. गोदूबाई या शारदासदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक व तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला व त्या आनंदीबाई झाल्या. त्यांचे 'माझे पुराण' १९४४ साली प्रसिद्ध झाले. या पुस्तकाचे मोल केवळ समाजसुधारणेच्या इतिहासापुरते नाही. आश्रमात राहणारी व्यक्ती त्या आश्रमाकडे कसे पाहते, हे तिच्याच शब्दांत सांगणारी साधने जगात कोठेही विरळाच असतात.

१८९३ च्या प्रसंगाची हकीगत सर्वपरिचित असल्यामुळे तिच्यावर फार वेळ दवडण्याचे कारण नाही. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, मुलींपैकी काही तेथे येऊन बसत. हे तटस्थतेत बसते की नाही यावर वाद पेटला. 'केसरी'ने तो लावून धरला. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी सल्लागारपद सोडले आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंनी जे लिहिले गेले त्यात मुलींच्या स्वतःच्या इच्छेचा विचार फार थोडा आहे; त्या कोणाच्या ताब्यात असाव्यात एवढाच प्रश्न सर्वांना दिसत होता. रमाबाईंच्या टीकाकारांचे म्हणणे एका बाबतीत मात्र निराधार नव्हते: दहा-बारा वर्षांच्या परावलंबी मुलीपुढे ज्या बाईंनी तिला अन्न, वस्त्र, अक्षर आणि माया दिली त्यांची प्रार्थना चालली असता 'दार उघडे आहे, आत येणे ऐच्छिक आहे', या म्हणण्यास मर्यादित अर्थ असतो. उलट, ज्या पालकांनी मुलींना नेले त्यांतील बहुतेकींच्या वाट्यास पुन्हा काय आले असेल, याची कल्पना त्या टीकाकारांनी केली नाही, हेही तितकेच खरे. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यास 'अनाथ बालिकाश्रम' स्थापन केला त्यामागे, विधवांच्या शिक्षणाचे काम हिंदू समाजाचा विश्वास न गमावता चालले पाहिजे, ही जाणीव होती.

बहुतेक चरित्रकार १८९३ हे रमाबाईंच्या कार्यातील वळण मानतात. संस्थेच्या दृष्टीने पाहता खरे वळण १८९६–९७ चे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १८९३ नंतरही शारदासदन ही शाळाच राहिली: थोड्या मुली, एकाच सामाजिक थरातून आलेल्या, बहुधा कोणी तरी पालक आणून सोडलेल्या, शिकून शिक्षिका किंवा परिचारिका व्हावयाच्या. केडगावची जमीन रमाबाईंनी घेतली तीही या शाळेसाठीच. अमेरिकन मदतीची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार, तेव्हा फळबागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा हिशेब होता. आंब्याची, संत्र्याची झाडे लावावी, विहिरी खणाव्या, माल आगगाडीने पुण्यास व मुंबईस पाठवावा. लोहमार्गाच्या स्थानकाजवळची जमीन निवडण्यात हा हेतू उघड आहे.

१८९६ सालचा पाऊस गेला आणि मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून ठाऊक नव्हता. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात भटकत असता त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही एकामागून एक अन्नावाचून गेली होती. त्या आणि भाऊ श्रीनिवास असे दोघेच उरले. १८९७ साली आपल्या दुष्काळाच्या अनुभवांविषयी इंग्रजीत लिहिताना त्यांनी त्या दिवसांचे जे वर्णन केले, त्यात आश्रयाच्या मोबदल्यात तरुण मुलीस काय द्यावे लागते याची स्पष्ट जाण आहे. मध्यप्रांतातील दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांत त्यांनी जे पाहिले, त्यात त्यांस सर्वांत भयंकर वाटली ती उपासमार नव्हे. एकट्या मुली व तरुण विधवा यांची जी उघड ने-आण चालली होती, ती त्यांना असह्य झाली. तेथून सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांनी आणल्या.

या तीनशे जणींबरोबर संस्थेची व्याख्याच बदलली. त्या उच्चवर्णीय नव्हत्या, सर्व विधवाही नव्हत्या. त्यांत अगदी लहान मुली होत्या, आजारी होत्या, हिंदी आणि तिच्या बोली बोलणाऱ्या होत्या. बहुतेकींमागे पालक म्हणून कोणी नव्हते. बोस्टनच्या मंडळाने शारदासदनासाठी ठरविलेल्या अटींमध्ये त्यांना जागाच नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी निराळी व्यवस्था, निराळे नाव आणि निराळा पैसा लागला. मुक्तिसदन ते हे. येथे धर्मतटस्थतेचे बंधन उरले नाही. मुक्तिसदन आरंभापासून उघड ख्रिस्ती संस्था होती.

ती पुण्यात न राहता केडगावास का गेली, याचे कारण प्लेग. १८९७ च्या आरंभी पुण्यात साथ वाढू लागली तेव्हा एवढ्या दुष्काळपीडित माणसांना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. रमाबाईंनी त्यांना केडगावच्या शेतावर हलविले आणि झोपड्यांत व तात्पुरत्या छपरांखाली वसाहत सुरू झाली. म्हणजे जी जागा फळबागेसाठी घेतली, तिच्यावर दुष्काळ आणि महामारी यांनी मिळून अनाथगृह बसविले. याच प्लेगच्या संदर्भात मे १८९७ मध्ये रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात मुंबई सरकारच्या व्यवस्थेवर कडक टीका केली. आपल्या सदनातील एका मुलीची प्लेगच्या छावणीत काय गत झाली, हे त्यांनी लिहिले. त्याचा उच्चार इंग्लंडच्या पार्लमेंटापर्यंत गेला आणि गव्हर्नरांनी ते आरोप खोडून काढले. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांवर प्लेगच्या बंदोबस्ताविषयी केलेल्या विधानांबद्दल माफी मागण्याची पाळी आली तेव्हा त्यांनीही या पत्राचा आधार सांगितला होता. ज्या बाईंना चार वर्षांपूर्वी परधर्मीयांच्या हस्तक म्हटले गेले, त्याच आता सरकारच्या डोळ्यांत सलत होत्या. ताब्यात असलेल्या एका मुलीचा हिशेब सरकारकडे मागणारी ही संस्था होती, हे येथे ध्यानात ठेवावयाचे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. दुष्काळात सापडलेले निराधार मूल कोणाचे ?

सरकारपुढे हा प्रश्न १८८० च्या दुष्काळ आयोगापासून होता. त्या आयोगानंतर प्रांतोप्रांती ज्या दुष्काळ-संहिता झाल्या त्यांत आणि १८९८ व १९०१ च्या आयोगांच्या चर्चेत जे सर्वसाधारण धोरण दिसते ते असे की नातेवाइकांस मुलाचा शोध घेण्यास अवधी मिळावा; कोणी आलेच नाही तर स्वधर्मीय व्यक्तीस किंवा संस्थेस अग्रक्रम द्यावा; आणि तेही नसेल तर इतरांस. कागदावर हे धोरण न्याय्यच होते. अडचण अशी की स्वधर्मीय संस्था मोजक्याच होत्या. आपल्याकडे पंढरपूरचा अनाथ बालकाश्रम १८७५ साली प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी काढला. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्याप्रतिबंधक गृह चालविले आणि १८७७ च्या दुष्काळात धनकवडीस मुलांसाठी बालाश्रम काढला. पंढरपूरची संस्था टिकली, वाढली. पण दुष्काळाच्या महापुरापुढे अशा दोन-चार संस्था किती पुरणार? उत्तरेत १८९७ मध्ये लाला लजपतराय आणि आर्यसमाजाची मंडळी यांनी मध्यप्रांतातून हिंदू अनाथ मुले पंजाबात नेली, ती मिशनऱ्यांच्या हाती पडू नयेत याच उद्देशाने. १९०१ च्या आयोगापुढे लजपतरायांनी याविषयी साक्षही दिली. म्हणजे एकाच प्रांतातील, एकाच दुष्काळातील मुले कोणी पश्चिमेस केडगावास नेली, कोणी वायव्येस फिरोजपुरास. दोन्ही बाजूंस त्यात पुण्य दिसले. ज्या गावातून ती निघाली तेथे उरलेला चुलता किंवा मामा वर्षभराने परत आला असेल, त्याने कोणास विचारावयाचे, याची चिंता दोन्हींकडे कमीच होती.

भीमथडीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मुक्तिसदन या तालुक्यात असूनही तेथील मुली प्रामुख्याने या तालुक्यातील नव्हत्या. १८९६–९७ मध्ये त्या मध्यप्रांतातून आल्या. १८९९–१९०० च्या, लोक ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात त्या दुष्काळात, गुजरात व राजपुतान्यातून आल्या. १९०० च्या सुमारास वसाहतीतील माणसांची संख्या दीड ते दोन हजारांच्या घरात गेली. भीमथडी आणि इंदापूर तर पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाचे धनी. मग येथील मुले इतक्या संख्येने का आली नाहीत ? याचे उत्तर अंशतः नीरेच्या कालव्यात आहे, असा तर्क करता येतो. वडगाव निंबाळकर, माळेगाव यांसारख्या काठच्या गावांतून वाईट वर्षीही थोडीबहुत पिके व कडबा होत असे. कोरडवाहू गावातील कुटुंब जगावयास बाहेर पडले तर कालव्याच्या काठी किंवा खडी फोडण्याच्या कामावर एकत्र राहू शकत होते. दख्खनच्या शेतकऱ्याला 'जगायला जाणे' हा प्रकार परिचित होता, त्याचे मार्ग ठरलेले होते. मध्यप्रांतातील आणि गुजरातेतील माणसांना दुष्काळाची तशी सवय नव्हती. तेथे कुटुंबेच्या कुटुंबे मोडली. मूल अनाथ होते ते केवळ आईबाप मेल्यामुळे नव्हे. ज्या नातेसंबंधांत ते सामावले गेले असते ते संबंध तुटल्यामुळे ते अनाथ होते. कालव्याने हे संबंध काही अंशी राखले. याला दुजोरा देण्यासाठी बारामती कचेरीचे त्या वर्षांचे दप्तर गावनिहाय तपासले गेले पाहिजे, आणि ते काम पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगे आहे.

केडगावास आलेल्या मुलींपैकी पुष्कळ जणी वाचल्या नाहीत. भुकेने आधीच खचलेल्या शरीरांना अन्न मिळूनही ते पचत नसे; अतिसार, देवी, ज्वर यांनी त्या गेल्या. अनाथगृहांच्या इतिहासात हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो.

ज्या जगल्या त्यांच्यासाठी वसाहतीची रचना हळूहळू ठरत गेली आणि ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. एकाच छपराखाली सर्वांना न कोंबता गरजेप्रमाणे विभाग केले गेले. शारदासदन ही शाळा पुढे केडगावासच आली. मुक्तिसदनात दुष्काळातील मुली व स्त्रिया. 'कृपासदन' हे ज्यांच्यावर अत्याचार झाले होते किंवा समाजाने ज्यांना पतित म्हणून टाकले होते त्या स्त्रियांसाठी. 'प्रीतिसदन' वृद्ध व अपंग यांसाठी. 'बार्तीमी सदन' अंध स्त्रियांसाठी. तेथे रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. 'सदानंद सदन' मुलग्यांसाठी होते. आणि दौंड येथे आल्बर्ट नॉर्टन या मिशनऱ्याने मुलग्यांचे निराळे अनाथगृह काढले, त्यामागेही रमाबाईंची प्रेरणा होती. आजच्या बालकल्याणाच्या परिभाषेत ज्याला गरजेनुसार वर्गीकरण म्हणतात ते हेच. पण ते कोणा समितीने ठरविलेले नव्हते, आलेल्या माणसांनी ते ठरविले.

आत येणाऱ्या मुलींची संख्या शेकड्यांनी वाढली तेव्हा त्यांच्यावर माया करणारे मोठे माणूस कोठून आणावयाचे, हा प्रश्न प्रत्येक अनाथगृहापुढे असतो. मुक्तिसदनाने तो आपल्यातूनच सोडविला. आधी आलेल्या, थोड्या शिकलेल्या स्त्रिया नंतर आलेल्या मुलींच्या गटांवर नेमल्या जात. त्यांना खाऊपिऊ घालणे, न्हाऊ घालणे, अक्षरओळख देणे ही त्यांची कामे. विधवेला मूल मिळाले आणि मुलाला आई. हिंदू घरात जिचे अस्तित्व अशुभ मानले जाई अशी स्त्री येथे दहा-वीस मुलींच्या घराची कर्ती होत असे. या व्यवस्थेत रमाबाईंचे सर्वांत स्वतंत्र असे कार्य आहे, आणि चरित्रकारांचे तिकडे लक्ष कमी गेले आहे. शारदासदनातील धर्मवाद आणि १९०५ सालची मुक्तीतील धार्मिक जागृती, जिच्यासाठी परदेशी लेखक केडगावचे नाव घेतात, यांवर ग्रंथ झाले; मुलींचे केस कोण विंचरीत असे, यावर कोणी लिहिले नाही.

कामाची वाटणीही पाहावी. शेत, गोठा, तेलाचा घाणा, विणकाम, शिवणकाम, रुग्णशुश्रूषा, स्वयंपाक, छापखाना ही सर्व कामे स्त्रियाच करीत. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक अनाथगृहे मुलींना घरकाम व शिवण शिकवून लग्नाला उजवीत. येथेही पुष्कळ मुलींची लग्ने ख्रिस्ती तरुणांशी लावून देण्यात आली. परंतु लग्न न करता शिक्षिका, परिचारिका, धर्मसेविका किंवा कारागीर म्हणून राहण्याचा मार्ग खरोखरी मोकळा होता. मनोरमाबाई स्वतः मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या, शाळा चालवीत होत्या, आणि निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यास त्यांनी मुलींसाठी शाळा काढली.

या सगळ्याची दुसरी बाजू सांगणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. वसाहत हजारावर गेली तेव्हा तिचे वेळापत्रक घंटेवर चालणे अपरिहार्य होते. रमाबाईंचा अधिकार निरपवाद होता. सल्लागार मंडळाचा अनुभव घेतल्यावर त्यांनी पुन्हा कोणाचे नियंत्रण आपणहून मागितले नाही. मुलींची जुनी नावे, जाती, गावे, बोली या वसाहतीत हळूहळू पुसल्या गेल्या. हिंदी, गुजराती, कानडी बोलणाऱ्या मुली मराठीत शिकल्या, मराठीत प्रार्थना करू लागल्या. धर्मांतर हे मुक्तिसदनात प्रत्येकीस सक्तीचे होते असे म्हणता येणार नाही. पण ज्या मुलीला जाण्यास दुसरे घर नाही तिच्या संमतीचे मोजमाप कसे करावयाचे, हा १८९३ चाच प्रश्न १९०० मध्ये शतपटीने मोठा होऊन उभा होता, आणि आता तो विचारणारा पालकही नव्हता. दुष्काळाने टीकाकारांचे तोंड बंद केले होते, कारण त्यांच्यापाशी पर्यायी घर नव्हते.

साधनांची मर्यादाही येथेच आड येते. मुक्तिसदनाविषयीचा फार मोठा मजकूर देणगीदारांसाठी लिहिलेला आहे: वार्षिक वृत्ते, पत्रके, मुक्तीहून निघणारे इंग्रजी नियतकालिक, आणि हेलन डायर किंवा क्लेमेंटिना बटलर यांच्यासारख्या भक्तिभावाच्या चरित्रकारांचे ग्रंथ. त्यांत मुलींच्या कहाण्या आहेत, पण त्या एकाच साच्यातल्या: काळोख, सुटका, प्रकाश. 'मुक्ती' या शब्दाचा अर्थ रमाबाईंना दुहेरी अभिप्रेत होता, ऐहिक सुटका आणि आत्मिक तारण. वृत्तलेखकांनी दुसऱ्या अर्थासाठी पहिल्याचा तपशील पुष्कळदा गाळला. आनंदीबाई कर्व्यांनी शारदासदनाविषयी जे केले ते नर्मदाकाठच्या किंवा गुजरातेतल्या कोणा दुष्काळी मुलीने मुक्तिसदनाविषयी केले असते, तर आपला इतिहास निराळा झाला असता. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त अहमदनगरकडच्या ख्रिस्ती समाजातील घरगुती जीवन जितके जिवंत दिसते तितके केडगावचे आपणांस कोठेही दिसत नाही.

मुलाच्या ताब्याविषयी कायद्याची स्थिती या सर्व काळात अगदी विरळ होती. १८९० चा पालक व पाल्य कायदा न्यायालयामार्फत पालक नेमण्यासंबंधी होता. दुष्काळातल्या हजार मुलांसाठी कोणी हजार अर्ज करीत नसे. मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा झाला तो १९२४ साली, म्हणजे रमाबाईंच्या मृत्यूनंतर. अनाथगृहांवर सरकारी देखरेख ठेवणारा केंद्रीय कायदा १९६० मध्ये आला. १९५६ च्या दत्तक कायद्याने हिंदूंना विधिवत दत्तक घेता आले, परंतु ख्रिस्ती कुटुंबास अनाथ मूल केवळ पालक या नात्याने सांभाळता येई. बालन्याय कायद्याच्या इसवी सन २००० नंतरच्या स्वरूपाने ती भिंत पाडली. म्हणजे मुक्तिसदनाच्या पहिल्या पाऊणशे वर्षांत संस्थेस आणि मुलास बांधणारे नाते बव्हंशी नैतिक होते, कायदेशीर नव्हते. मूल संस्थेत का आहे, याची फेरतपासणी बाहेरच्या अधिकाऱ्याने ठराविक काळाने करावी, ही कल्पनाच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तिच्या कसोटीवर १९०० च्या केडगावास दोषी ठरविणे सोपे आहे. त्या कसोटीला त्या वर्षी उतरेल असे सरकारी अन्नछत्र, हिंदू आश्रम किंवा मिशनचे अनाथगृह एकही नव्हते. आणि अन्नछत्रांत ज्या मुली मागे राहिल्या त्यांची वृत्ते लिहावयासही कोणी नव्हते.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे ज्या कामास दिली ते वरकरणी अनाथगृहाशी संबंध नसलेले आहे: हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतराची मराठी त्यांना जड, संस्कृतप्रचुर वाटे. संस्कृत हीच जिची बाळपणीची विद्या, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या जिला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये दिल्या, तिने संस्कृत शब्द टाळून साधी मराठी लिहावयास बसावे, याचे कारण तिच्या वाचकवर्गात आहे. तो वाचकवर्ग छप्पनच्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या, मराठी ही परकी भाषा म्हणून शिकलेल्या स्त्रियांचा होता. खिळे जुळविणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या, पाने बांधणाऱ्याही त्याच. या भाषांतराकडे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी वळले तर शिकाऊ प्रौढांसाठी जाणीवपूर्वक घडविलेल्या मराठीचा तो एक प्रारंभीचा नमुना ठरेल, असे वाटते.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. संस्था ज्यांच्या हाती सोपवावयाची त्या उत्तराधिकारीच गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचा मृत्यू झाला. शेवटची मुद्रिते त्यांनी आदल्या काही तासांपर्यंत तपासली, असे मुक्तीतील मंडळी सांगत आली आहेत. त्यानंतर व्यवस्था विश्वस्तांकडे आणि परदेशी सहकाऱ्यांकडे गेली. जी संस्था एका व्यक्तीच्या अधिकारावर उभी होती, ती मंडळाच्या नियमांनी चालू लागली व टिकली. केडगावच्या छापखान्यात संपूर्ण बायबल छापून पुरे झाले ते १९२४ साली, रमाबाईंना जाऊन दोन वर्षे झाल्यावर.